वजनाची वही

१९८४च्या पावसाळ्यात मी मतिमंद मुलांच्या गृहाची पहिली तपासणी केली. परिवीक्षा अधिकारी म्हणून नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. निघताना वरिष्ठांनी छापील प्रपत्र हातात दिलं आणि म्हणाले, "बाई, वह्या नीट बघा. वह्या बरोबर असल्या की गृह बरोबर असतं." एस.टी.नं तालुक्याच्या गावी उतरले, तिथून पुढे चिखलातून चालत गेले. गृहात माझी वाटच बघत होते. फिनेलचा ताजा वास, पलंगांवर घडी न मोडलेल्या चादरी, आणि भिंतीला पाठ लावून ओळीनं बसवलेली चाळीस मुलं. टेबलावर चौदा वह्या मांडून ठेवल्या होत्या. प्रवेश-निर्गम, हजेरीपट, शिधासाठा, कपडालत्ता, औषधं, पळून गेलेल्या मुलांची नोंद, शेरेवही अशा सगळ्या. प्रत्येक पानावर शिक्का आणि सही.

मी चौदाच्या चौदा तपासल्या. त्यातली वजनाची वही उघडली तेव्हा थांबले. एका मुलीचं वजन जानेवारीत २४ किलो, फेब्रुवारीत २४, जूनमध्येही २४. पान उलटलं. त्याखालच्या मुलाचं सहा महिने १९. सगळ्यांचंच तसं. वाढत्या वयाच्या चाळीस मुलांपैकी एकाचंही वजन सहा महिन्यांत पाव किलोनं इकडचं तिकडे झालं नव्हतं. मी काटा मागितला. बराच वेळ कोणी काही बोलेना. मग शिपायानं अधीक्षकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटावरून एक खोकं खाली उतरवलं. खोक्याची सुतळीही सोडलेली नव्हती.

परत आल्यावर मी सविस्तर अहवाल लिहिला आणि गृहाची मान्यता काढून घ्यावी अशी शिफारस केली. वरिष्ठांनी तो शांतपणे वाचला. ते वाईट गृहस्थ नव्हते, हे आजही सांगते. त्यांनी एवढंच विचारलं, "मान्यता काढू. मग या चाळीस मुलांना पाठवायचं कुठे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधत मी पुढची एकतीस वर्षं नोकरी केली, आणि सुट्टीच्या दिवशी कायद्याची जुनी पुस्तकं वाचत राहिले. या गृहांचा इतिहास मराठीत कोणी सलग लिहिलेला मला सापडला नाही. तपासणीच्या बाजूनं तो जेवढा मला दिसला तेवढा इथे लिहिते.

सुरुवात वेड्यांच्या इस्पितळापासून होते. १९१२च्या इंडियन लुनसी ॲक्टनं 'लुनॅटिक' म्हणजे कोण हे एका ओळीत सांगून टाकलं होतं: इडियट, किंवा ज्याचं मन ठिकाणावर नाही अशी व्यक्ती. जन्मापासून बुद्धीची वाढ कमी असलेलं मूल आणि चाळिशीत भ्रम झालेला माणूस, दोघंही एकाच शब्दाखाली. त्यामुळे ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर इथल्या मनोरुग्णालयांत आजारी नसलेली, औषधानं बरी होण्याचा प्रश्नच नसलेली माणसं आयुष्यभर राहिली. मुलाला काही 'झालेलं' नसायचं, ते तसंच जन्मलेलं असायचं. पण गावाकडे दुसरी जागा कोणाला ठाऊक होती?

तरीही त्या परक्या सरकारच्या कायद्यात एक गोष्ट होती, आणि तिच्याकडे मी पुन्हा पुन्हा वळते. प्रत्येक इस्पितळासाठी किमान तीन अभ्यागत नेमायचे आणि त्यांच्यापैकी दोघांनी, एक डॉक्टर धरून, महिन्यातून निदान एकदा आवाराचा प्रत्येक भाग हिंडून बघायचा, आतल्या प्रत्येक माणसाला शक्य तितकं जातीनं पाहायचं, असं त्यात कलम होतं. ते सगळीकडे नेमानं पाळलं गेलं असं मी म्हणणार नाही. पण कायद्यानं वहीच्या आधी माणसाला बघायला सांगितलं होतं.

मुलांची वाट वेगळी. १९२४ साली मुंबई इलाख्यात बॉम्बे चिल्ड्रन ॲक्ट आला. त्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. रस्त्यावर सापडलेली, टाकून दिलेली मुलं तिच्याकडे येऊ लागली आणि त्यांतली काही मुलं बाकीच्यांसारखी शिकत नाहीत हे लक्षात आलं. १९४१ मध्ये सोसायटीनं अशा मुलांसाठी वेगळं निवासी गृह काढलं. देशातलं हे अशा प्रकारचं पहिलं निवासी गृह मानलं जातं. मानखुर्दच्या या गृहाला आमच्या खात्यात सगळे 'एमडीसी' म्हणत. मेंटली डेफिशियंट चिल्ड्रन. हा 'मेंटली डेफिशियंट' शब्द इंग्लंडच्या १९१३च्या कायद्यातून आला होता. इंग्लंडनं तो कायदा १९५९ मध्ये रद्द केला. आमच्या फायलींवर मात्र मी निवृत्त होईपर्यंत 'एमडीसी होम' असंच लिहिलेलं असे. शब्द बदलला नाही म्हणून कोणी उपाशी राहत नाही, हे खरं. पण ज्या माणसाच्या नावापुढे आपण 'उणा' असं लिहितो, त्याच्या ताटातलं उणेपण आपल्या डोळ्यांना पुढे टोचत नाही, हे मी पाहिलं आहे.

याच काळात पालकांनी स्वतःच्या बळावर शाळा उभ्या केल्या. जय आणि होरमसजी वकील यांनी आपल्या लेकीसाठी १९४४ मध्ये मुंबईत सुरू केलेलं काम पुढे शिवडीच्या जय वकील शाळेच्या रूपानं वाढलं. पुण्यात १९६४ मध्ये सिंधुताई जोशी यांनी 'कामायनी' काढली. या संस्थांबद्दल खूप चांगलं लिहिलं गेलं आहे, ते योग्यच आहे. पण दिवसाची शाळा सुटली की मूल आईच्या बोटाला धरून घरी जातं आणि संध्याकाळी आई त्याच्या अंगावरचा वळ बघते. आईसारखी दुसरी तपासणी नाही. ज्यांना बोट धरायला कोणी नव्हतं ती मुलं मानखुर्दसारख्या गृहांत होती आणि त्यांची आई म्हणजे आम्ही, सरकार.

१९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे जवळजवळ याच अर्थानं सांगितलं. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईतल्या निरीक्षणगृहांच्या अवस्थेबद्दल याचिका केली होती. चिल्ड्रन्स एड सोसायटी कागदोपत्री स्वतंत्र संस्था, पण तिचे पदसिद्ध अध्यक्ष मुख्यमंत्री. ही सोसायटी राज्यघटनेच्या अर्थानं 'राज्य'च आहे, असं न्यायालय म्हणालं. त्या वर्षी आमच्या कार्यालयात या निकालाची सायक्लोस्टाइल प्रत हातोहात फिरली. मला वाटलं, आता बदलेल.

मग १९८७चा मानसिक आरोग्य कायदा आला. १९९३ मध्ये तो अमलात आला, तेव्हा १९१२चा जुना कायदा गेला. नव्या कायद्यानं मनोरुग्णाच्या व्याख्येतून मतिमंदत्व स्पष्ट शब्दांत बाहेर काढलं. हे व्हायलाच हवं होतं. मतिमंदत्व हा आजार नाही. पण जुन्या घरातून बाहेर काढलेल्या माणसांसाठी नवं घर तयार नव्हतं. मुलं बालन्याय कायद्यात होती. अठरा वर्षांवरची माणसं, विशेषतः पुरुष, जिथे राहत तिथे नजर ठेवणारा खास असा कायदा उरला नाही. महिन्यातून एकदा येणारे ते अभ्यागत मनोरुग्णालयांपुरते राहिले, या माणसांसाठी गेले.

फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरची गोष्ट घडली. पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी गृहातल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणलं आणि त्यांतल्या दहाहून अधिक जणींची गर्भाशयं शस्त्रक्रियेनं काढून टाकली. कारण असं दिलं गेलं की या मुलींना पाळीच्या दिवसांत स्वच्छता राखता येत नाही. महिला संघटना रस्त्यावर आल्या, वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला आणि मुख्यमंत्री शरद पवार यांनी पुढच्या शस्त्रक्रिया थांबवल्या. मी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होते. सकाळी बातमी वाचली आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही चार बायका डबे न उघडता बसून राहिलो. आमच्यातली एक म्हणाली, "चूक झाली, पण तिथे रात्री किती बायका कामाला असतात ते कोणी विचारत नाही." ती बचाव करत नव्हती. तिला गृहाची रात्र माहीत होती. साठ मुलींमागे एक काळजीवाहक, आठवड्यातून दोनदा पाणी, धुवायला साबणाची वडी मोजून. पाणी वाढवायचं, बायका वाढवायच्या, कापड पुरवायचं, मुलींना हळूहळू शिकवायचं, हे सगळं महाग आणि रोजचं. शस्त्रक्रिया एकदाच होते. खर्चाची ही तुलना कोणी कागदावर लिहिली होती असा माझा आरोप नाही. ती न लिहिताच झाली होती, आणि म्हणून ती जास्त भयंकर आहे. त्या मुलींना कोणी काही विचारलं नाही.

गृह सरकारचं, रुग्णालय सरकारचं, निर्णय सरकारी खात्याचा. मग या गृहावर नजर कोणाची होती?

बरोबर दोन वर्षांनी, ७ फेब्रुवारी १९९६ रोजी, अपंग व्यक्तींसाठीचा १९९५चा कायदा अमलात आला. अपंगांच्या संस्थांसाठी नोंदणी सक्तीची करणारा हा पहिला देशव्यापी कायदा. कलम ५१ नुसार प्रमाणपत्राशिवाय कोणालाही अशी संस्था चालवता येणार नव्हती. त्याचं पुस्तक मी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून विकत आणलं आणि रात्री पेन्सिल घेऊन बसले. कलम ५५ पाशी पेन्सिल थांबली. केंद्र किंवा राज्य सरकारनं स्थापन केलेल्या किंवा चालवलेल्या संस्थांना हे प्रकरण लागू नाही, असं तिथे लिहिलं होतं. शिरूरची आठवण ताजी असताना हे कलम लिहिलं गेलं. मी दोनदा वाचलं, शेजारच्या वकिलांना दाखवलं. अर्थ तोच होता.

सरकारी गृहाला प्रमाणपत्र कशाला, ते तर सरकारचंच, असा यामागचा विचार असणार. मला तो कधीच पटला नाही. खासगी संस्थेत गेले की माझ्या शब्दाला वजन असे, कारण माझ्यामागे मान्यता काढण्याची भीती उभी असे. सरकारी गृहात गेले की अधीक्षक माझ्याच श्रेणीचे असत, चहा येई आणि शेरेवहीत लिहायचं वाक्य दोघांनाही पाठ असे: 'गृह स्वच्छ आढळले. मुले समाधानी दिसली.' हे वाक्य मीही लिहिलं आहे, एकदा नव्हे, अनेकदा. समाधानी दिसली म्हणजे काय, हे मला कोणी विचारलं नाही, म्हणून मीही मुलांना विचारलं नाही.

साधारण २००० नंतर मी पद्धत बदलली. न कळवता जाऊ लागले, तेही संध्याकाळी सहानंतर. वह्यांना हात लावायच्या आधी मुलांबरोबर पंगतीला बसू लागले. कोण भाकरी लपवतं ते बघायचं. ताटाखाली किंवा सदऱ्यात भाकरी लपवणारं मूल सकाळी उपाशी असतं. मग एकच प्रश्न विचारायचा: "रात्री जाग आली तर कोण येतं?" शब्द नसलेली मुलंही याचं उत्तर देतात. एका गृहात मी हा प्रश्न पाच मुलांना विचारला आणि पाचही जणांनी कोपऱ्यातल्या निळ्या स्वेटरच्या मुलाकडे बोट दाखवलं. तो सतराएक वर्षांचा, स्वतः मतिमंद. रात्री कोणी अंथरूण ओलं केलं की तो उठून चादर बदलायचा, लहान्याला थोपटायचा. हजेरीपटावर रात्रपाळीच्या दोन काळजीवाहकांच्या सह्या होत्या.

पुढच्या वर्षी गेले तेव्हा तो तिथे नव्हता. त्याला अठरा पूर्ण झाली होती.

या अठराच्या रेषेबद्दल लिहायला बसले तर पानं पुरणार नाहीत. नव्वदच्या दशकात समाजकल्याणातून महिला व बालविकास खातं वेगळं निघालं. अनाथ मतिमंद मूल अठरापर्यंत त्या खात्याचं, पुढे अपंग कल्याणवाल्यांचं. बुद्धी सहा वर्षांच्या मुलाची आणि जन्मतारीख अठराची, अशा माणसाची फाईल एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाते आणि वाटेत माणूस हरवतो. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातल्या वझ्झर इथे शंकरबाबा पापळकरांनी ही रेषा मानायचं नाकारलं. उकिरड्यावर, रेल्वे फलाटावर, बसस्थानकावर सोडून दिलेली शंभराहून अधिक अपंग मुलं त्यांनी वाढवली, त्यांना आपलं आडनाव दिलं आणि अठरानंतरही यांना इथेच राहू द्या, तसा कायदा करा, अशी मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ज्यांना पालक होते त्यांचं दुःख निराळं. कोणत्याही पालकसभेत एकच प्रश्न ऐकू यायचा: "आमच्या पश्चात काय?" त्यातून बदलापूरच्या 'आधार'सारखी पालकांनीच चालवलेली प्रौढांची घरं उभी राहिली, आणि १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदाही याच प्रश्नातून आला. जिल्हाधिकारी, एक स्वयंसेवी संस्था आणि एक अपंग व्यक्ती अशा तिघांच्या स्थानिक समितीनं प्रौढ मतिमंदासाठी पालक नेमायचा, ही त्यातली सोय खरोखर उपयोगी आहे. मी स्वतः कित्येक वृद्ध आयांचे अर्ज भरून दिले आहेत.

पण अनाथांच्या गृहांचं दार बंदच राहिलं, आणि ते आतून नव्हे, बाहेरून उघडलं. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातल्या अशाच एका गृहातल्या मुलांचे मृत्यू आणि मुलींवरचे अत्याचार यांची बातमी वर्तमानपत्रात आली. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेऊन ती जनहित याचिका म्हणून चालवली. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं राज्यातल्या गृहांची पाहणी सुरू केली. २०११ मध्ये पनवेलजवळच्या कळंबोलीच्या गृहातले अत्याचार उघड झाले. २०१३ मध्ये सत्र न्यायालयानं शिक्षा सुनावल्या. पाहणीच्या त्या महिन्यांत आमच्या कार्यालयातले टेलिफोन थांबत नव्हते. किती गृहं, किती मुलं, शेवटची तपासणी कधी, ही माहिती न्यायालयाला तातडीनं हवी होती. ती आमच्याकडे चौदा-चौदा वह्यांत होती आणि तिच्यावर माझा स्वतःचाच विश्वास नव्हता.

मुलांपुरतं त्यानंतर बरंच सुधारलं, हे मान्य करते. २००६च्या दुरुस्तीनं बालन्याय कायद्याखाली सरकारी असो वा खासगी, प्रत्येक गृहाला नोंदणी आधीच सक्तीची झाली होती. २०१५च्या बालन्याय कायद्यानं नोंदणी न करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही ठेवले. तीन महिन्यांतून निदान एकदा तपासणी, समितीत निदान तीन सदस्य, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी. १९१२चे ते अभ्यागत वेगळ्या वेशात परत आले म्हणायचं.

प्रौढांचं काय? २०१६चा दिव्यांग हक्क कायदा मी निवृत्तीनंतर वाचला, त्याच पेन्सिलीनं. त्यात पुष्कळ चांगलं आहे. अर्ज आल्यापासून नव्वद दिवसांत नोंदणीचा निर्णय, नाकारला तर कारण, अपील. पण नोंदणी न करता गृह चालवलं तर पहिल्या वेळी दंड फार तर दहा हजार रुपये. ठरावीक मुदतीनं आत जाऊन माणसं बघायची, असं मूळ कायद्यात कुठेही नाही. आणि जुन्या ५५व्या कलमाचा मजकूर नव्या कायद्यात कलम ५४ म्हणून जसाच्या तसा उतरला आहे. महाराष्ट्रानं ३ डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला. पण केंद्राच्या कायद्यातलं कलम राज्याचा विभाग पुसू शकत नाही.

"पाठवायचं कुठे?" या प्रश्नाचं उत्तर मला उशिरा कळलं. कुठेच पाठवायचं नाही. गृह बंद करणं आणि डोळे मिटणं एवढे दोनच मार्ग आम्हाला शिकवले होते. त्यामधला मार्ग कष्टाचा आहे: अधीक्षक बदलायचा, रात्रपाळीला माणसं द्यायची, काटा खोक्यातून काढायचा, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं. मुलं जिथे आहेत तिथेच राहतील, गृह बदलेल. यासाठी नोंदणीचा कागद पुरत नाही. नेमानं आत येणारी आणि सरकारी दार असलं तरी न थांबणारी माणसं लागतात.

म्हणून खासदारांना, दिव्यांग आयुक्तांना आणि पालक संघटनांना माझी हात जोडून विनंती आहे. कलम ५४ रद्द करा. अठरा वर्षांवरच्यांच्या गृहांनाही तीन महिन्यांची तपासणी लावा, तिची एक फेरी रात्रीची असू द्या, आणि तपासणीला जाणाऱ्यानं वही उघडायच्या आधी स्वतःच्या हातानं पाच जणांना काट्यावर उभं करावं.